रक्ताचा डाग आणि मोरीतली निळी बादली

बकरी ईदच्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या मोरीत पाय ठेवायला जागा नसते. पुरुषांचे कुर्ते, लुंग्या, गोश्त झाकायला घेतलेली फडकी, खाली अंथरलेली पोती, आणि एखाद्या पोराची नवीकोरी पांढरी सलवार. ‘मी लांबूनच बघणार’ असं सांगून गेलेला असतो तो, आणि येतो गुडघ्यापर्यंत शिंतोडे घेऊन. त्या दिवशी धुवायला कुणालाच सवड नसते. वाटे करायचे असतात, नातेवाइकांकडे आणि गोरगरिबांकडे पोचवायचे असतात, चुलीवर कलेजी असते, दारात माणसं असतात. पण भिजत घालण्याचं काम मात्र आम्ही त्याच दिवशी, जोहरच्या आधी उरकतो. घासणं, धुणं, वाळवणं दुसऱ्या दिवशी.

आम्ही म्हणजे तिघी जावा. घर कराडला. थोरली घरीच शिवणकाम करते. मधली एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मदतनीस आहे. धाकटी चिपळूणकडची. हे लिहिणं तिघींचं आहे. हात थोरलीचा, कारण तिचं अक्षर चांगलं. रक्ताचा डाग हा विषय कुणी मासिकात लिहिण्यासारखा समजत नाही, पण कोणत्या घरात तो नाही? उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटतो, अब्बांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यामुळे दाढी करताना जरा लागलं की उशीचा अभ्रा लाल होतो, घरात बाळंतीण असते, आणि दर महिन्याला घरातल्या प्रत्येक वयात आलेल्या बाईची पाळी असते. कुर्बानीचा डाग अंगणात सगळ्यांसमोर धुतला जातो, आणि तोच डाग बाईच्या सलवारीवर असेल तर तो अंधारात धुतला जातो. आम्हाला सांगायचं आहे ते याबद्दलच. पण आधी धुण्याचं सांगतो, कारण ते नीट माहीत असेल तर अर्धी भीती कमी होते.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही अम्मी म्हणतो, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात प्रत्येकीला सांगून मोकळ्या झाल्या होत्या : “गरम पानी नक्को डालो, डाग पक जाता.” डाग शिजतो, हा त्यांचा शब्द अगदी बरोबर आहे. रक्तात प्रथिनं असतात, अंड्याच्या पांढऱ्या बलकात असतात तशी. अंडं उकळत्या पाण्यात फोडलं की पांढरं घट्ट होऊन भांड्याला धरतं, तसं रक्त गरम पाण्यानं सुताच्या धाग्याला धरतं. मग घासत बसा. म्हणून ताज्या डागाला गार पाणी, तेही कापड उलटं करून, डागाच्या मागच्या बाजूनं. धार मागून सोडली की रक्त ज्या बाजूनं आत शिरलं त्याच बाजूनं बाहेर पडतं. पुढून सोडली तर आणखी आत जातं. पाणी स्वच्छ यायला लागलं की अंगाचा साबण लावून हातानं हलकं चोळायचं. ब्रश नाही. ताज्या डागाचं काम इथंच संपतं, आणि याला एक पैसाही लागत नाही.

डाग मोठा असेल किंवा लगेच धुवायला जमणार नसेल तर बादलीभर गार पाण्यात मूठभर मीठ टाकून बुडवून ठेवायचं. पाणी लाल झालं की बदलायचं. ईदच्या दिवशी आम्ही दोनदा बदलतो, मगरिबला आणि झोपताना. भिजत घातलं म्हणून विसरून चालत नाही. त्याच पाण्यात दीड-दोन दिवस राहिलं तर असा वास धरतो की डाग परवडला. अलीकडे तर ईद पावसाच्या तोंडावर येतेय. २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला. कपडे वाळत नाहीत, आणि धाग्यात जरा जरी रक्त राहिलं असेल तर ओलसर कपड्याला कुबट वास येतो. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत काही वर्षांत ती पुन्हा कडक उन्हात येईल. धुणाऱ्यांना तेव्हा बरं वाटेल, उन्हात उभं राहून कुर्बानी करणाऱ्यांचं ते बघून घेतील.

शिवणकाम करणाऱ्यांचा डाग वेगळा, टाचणीच्या डोक्याएवढा. ईदच्या आधी पंधरा दिवस थोरलीच्या मशीनवर पांढऱ्या कुर्त्यांची थप्पी असते आणि रात्री दीडला बटणं लावताना सुई बोटात जाते. ती दोऱ्याचा तुकडा तोंडात चावून ओला करते आणि त्याच ओल्या गुंडीनं थेंब टिपून घेते. थुंकी नापाक नाही, आणि गिऱ्हाइकाला कुर्ता धुऊन वाळवून द्यायला वेळ नसतो. थेंब वाळायच्या आत केलं तर खूणही उरत नाही. अर्थात नंतर ती जागा ओल्या फडक्यानं पुसून घेते.

वाळलेला डाग मात्र चिवट. आधी नखानं किंवा सुरीच्या पाठीनं वरची खपली खरवडून काढायची, मग चार-सहा तास मिठाच्या गार पाण्यात. त्यानंतर एन्झाइमची पावडर किंवा लिक्विड. पाकिटावर एन्झाइम असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्यावं. एन्झाइम म्हणजे काय हे धाकटीनं आम्हाला एका वाक्यात समजावलं : कबाबच्या गोश्तला कच्ची पपई लावतो ना, तेच. पपई गोश्तातली प्रथिनं तोडते म्हणून गोश्त मऊ पडतं. पावडरमधलं एन्झाइम रक्तातली प्रथिनं तोडतं म्हणून डाग सुटतो. त्याला काम करायला वेळ लागतो, पपईलाही लागतोच. अर्धा-एक तास तरी राहू द्यावं, आणि इथं पाणी अगदी कोमट चालतं, कारण बरंचसं रक्त आधीच निघून गेलेलं असतं. पण रेशीम आणि लोकर यांना हे लावायचं नाही. रेशीम-लोकर हीसुद्धा प्रथिनंच. निकाहची रेशमी ओढणी किंवा काश्मिरी शाल एन्झाइममध्ये बुडवणं म्हणजे कपड्यालाच पपई लावणं. त्यांना फक्त गार पाणी, सौम्य साबण, आणि नाहीच गेला तर ड्रायक्लीनिंगवाल्याला डाग कशाचा आहे ते स्पष्ट सांगून द्यावं. ‘कसला तरी आहे’ असं सांगून बायका कपडे देतात, आणि तो त्यावर गरम वाफ मारतो.

यानंतरही राहिलंच तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मधलीनं ते घरात आणलं. मेडिकलमध्ये गडद बाटलीत मिळतं, स्वस्त असतं. बाटलीवर सहा टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून तीन टक्के करावं. डागावर थेंब-थेंब टाकलं की फेस येतो, मिनिटाभरानं पुसून पुन्हा टाकायचं, शेवटी गार पाण्यानं खळखळून धुवायचं. ते रंग उडवतं, म्हणून पांढऱ्या सुती कापडावर बिनधास्त, रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीजवळ एक थेंब टाकून बघून, आणि रेशीम-लोकरीवर नाहीच. क्लोरीनच्या ब्लीचबद्दल मधलीचं मत कडक आहे : रक्ताला नको. पांढऱ्यावरही कधी कधी पिवळट छटा मागे ठेवतं. संडास धुण्याचं ॲसिड किंवा व्हिनेगर यांच्यात तर ब्लीच कधीही मिसळू नये, त्यातून निघणारा वायू छातीत जातो. बंद मोरीत हे करणं म्हणजे जिवाशी खेळ.

रक्तात लोह असतं. सगळं निघून गेल्यावरही पांढऱ्या सुती कपड्यावर गंजासारखी फिकट कड राहते, तिला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं तर बऱ्याचदा जाते. आणि डाग गेला याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नये.

गादीची तऱ्हा वेगळी. कापसाच्या गादीवर पाणी ओतलं तर डाग आत उतरतो आणि गादी चार दिवस ओली राहते. गार पाण्यात पिळलेल्या फडक्यानं नुसतं दाबून टिपायचं, कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही. मग खायचा सोडा आणि थोडं पाणी यांचा लेप लावून वाळू द्यायचा, झटकायचा, लागलं तर पुन्हा. नंतर दिवसभर ऊन. अब्बांच्या पलंगावर आम्ही आता जुनी सुती चादर दुहेरी करून वर घालतो. गादीपर्यंत काही पोचतच नाही.

दुसऱ्याचं रक्त धुताना मधली हातमोजे घालते आणि आम्हालाही घालायला लावते. घरातल्या घरात कसले मोजे, असं अम्मी म्हणाल्या, तेव्हा तिनं सांगितलं की काविळीचा हेपॅटायटिस बी विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या डागातसुद्धा, सात दिवस तरी जिवंत राहू शकतो. त्या दिवसापासून मोरीत मोज्यांचा जोड लटकलेला आहे.

आता पाकी-नापाकीचं. आमचं सासर हनफी, धाकटीचं माहेर शाफई, त्यामुळे घरात थोडी वादावादी चालते. वाहतं रक्त नापाक, यावर दोन्हीकडे एकमत. जबीहानंतर गोश्तात आणि रगांत जे उरतं ते नापाक नाही. मासळीचं रक्त हनफी मसलकात नापाक धरत नाहीत, हे धाकटीला सासरी आल्यावर कळलं. तिनं विचारलं, “मग वास पाक आहे का?” बोंबील-बांगड्याचं फडकं ती आजही दोनदा साबण लावूनच धुते. बारीक तपशील ज्यानं त्यानं आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावेत. पण एक गोष्ट अशी आहे जी प्रत्येक मुलीला दहाव्या-अकराव्या वर्षी माहीत असायला हवी, आणि ती बहुतेकींना माहीत नसते. दिसणाऱ्या नजासतीत मूळ वस्तू धुऊन काढायची असते. ती निघाली आणि तरीही रंगाची खूण राहिली, तर कपडा पाक आहे. त्यात नमाज होते.

हे आम्ही आमच्या पदरचं सांगत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र यांची रिवायत आहे. एका बाईनं रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना विचारलं की हैजचं रक्त कपड्याला लागलं तर काय करायचं. उत्तर धुण्याच्या कृतीसारखंच मिळालं : आधी खरवडावं, मग पाण्यानं चोळावं, मग धुऊन टाकावं आणि त्याच कपड्यात नमाज पढावी. अबू दाऊदमध्ये खौला बिन्ते यसार यांची हकीकत आहे. त्यांच्याकडे कपडा एकच होता, आणि पाळीही त्याच कपड्यात. डाग गेलाच नाही तर काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पाण्यानं धुणं पुरेसं आहे, खूण राहिली तर हरकत नाही, असं सांगितलं गेलं. एकच कपडा असलेल्या बाईनं हे विचारलं. तेही खुद्द नबींना. आणि तिला कुणी गप्प बसवलं नाही.

आमच्या घरात ही हकीकत सांगायची वेळ गेल्या वर्षी आली. थोरलीची मुलगी आठवीत आहे. पाळीबद्दल तिला आधीच सगळं सांगून ठेवलेलं होतं, पॅडचं पाकीट कपाटात होतं. पण शाळेत तारखेच्या आधी पाळी आली. वर्गात बाकावरून उठल्यावर मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिनं दप्तर पाठीमागे धरलं आणि तशीच चालत घरी आली. घरात त्या वेळी फक्त अब्बा होते. तिनं युनिफॉर्मची पांढरी सलवार काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटामागे कोंबली आणि पोट दुखतंय म्हणून झोपली. दुसऱ्या दिवशी शाळा नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी चाचणी होती, तीही बुडाली. सलवार कुठे आहे विचारलं तर धुवायला टाकलीय म्हणाली. पाचव्या दिवशी खोली झाडताना वासानं पिशवी सापडली.

कुणी ओरडलं नाही. मधलीनं मोजे चढवले आणि मुलीला हाक मारली, “ये, दाखवते कसं काढायचं ते.” पोर रडवेली होऊन मोरीच्या दारात उभी राहिली. तिचं म्हणणं होतं की सलवार फेकून द्या, ती आता कधीच पाक होणार नाही, आणि वर्गातल्या सगळ्यांना ती ओळखू येईल. मधलीनं तिच्याच हातानं खपली खरवडून घेतली, रात्रभर मिठाचं पाणी, सकाळी एन्झाइम, दुपारी पेरॉक्साइड. फेस उठताना बघून तिला जरा मजा वाटली. पाच दिवस बंद पिशवीत राहिलेला डाग होता तो, लगेच गार पाण्याखाली धरला असता तर दहा मिनिटांत गेला असता. शेवटी रुपयाएवढी पिवळट कड राहिली. ती बघून पुन्हा डोळ्यांत पाणी. मग अम्मींनी तिला खाटेवर शेजारी बसवून खौला बिन्ते यसारची हकीकत सांगितली, त्यांच्या दखनीत, जणू खौला शेजारच्या गल्लीत राहायला होती. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दादी, मग हे आम्हाला मदरशात का नाही सांगितलं?” अम्मींजवळ उत्तर नव्हतं. आमच्याजवळही नाही. तहारतचा धडा असतो, पण मुलींचा तो भाग आला की पान उलटलं जातं.

ती सलवार ती घालते. वर कमीज असते, कड कुणाला दिसत नाही. तेव्हापासून मोरीत एक निळी बादली वेगळी ठेवली आहे, शेजारी मिठाची बरणी. ज्याचा डाग असेल त्यानं तो बादलीत बुडवायचा, मग तो गुडघा फुटलेला मुलगा असो की पाळीतली मुलगी. कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारायचं नाही, आणि कुणी बादलीकडे बघून तोंड फिरवायचं नाही. मुलांनी आपले ईदचे कुर्ते आपणच भिजवायचे. पुरुषांना हे पचायला वेळ लागला. मधल्या दिरांनी एकदा बादली पडवीत नेऊन ठेवली, ती आम्ही परत आणून ठेवली. आता ते स्वतःच दाढीचा टॉवेल तीत टाकतात.

अजूनही पुष्कळ घरांत कापडच वापरलं जातं, आणि त्यात कमीपणा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. वाईट आहे ते कापड लपवून वाळवणं. पलंगाखाली, दुसऱ्या कपड्याच्या आत, न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. ओलसर राहिलेल्या कापडानं खाज, इन्फेक्शन सुरू होतं. गार पाण्यात धुऊन, साबण लावून, डाग गेल्यावर गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलेलं कापड उत्तम. लाज वाटत असेल तर वर पातळ ओढणी टाका, ऊन तिच्यातून जातं.

शेवटची गोष्ट लिहावी की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. अम्मींनीच परवानगी दिली, “नाम नक्को छापो” एवढ्या अटीवर. अम्मींचं वय त्रेसष्ट. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. गेल्या हिवाळ्यात धाकटीच्या लक्षात आलं की अम्मी फजरच्याही आधी उठून आपली सलवार स्वतः धुतात. एरवी त्यांचे कपडे आम्हीच धुतो. एकदा, दोनदा, मग चार दिवस सलग. धाकटीनं आम्हाला सांगितलं, आम्ही तिघी त्यांच्याजवळ बसलो. दोन महिन्यांपासून अधूनमधून लाल डाग पडत होता. त्यांनी तो इस्तिहाजा धरला होता, दर नमाजीच्या वेळी कपडा बदलून नवी वुजू करत होत्या, एकही नमाज चुकवली नव्हती. मोहल्ल्यातल्या आलिमा बाईंना मसलाही विचारून आल्या होत्या. मसला विचारला, डॉक्टरांना विचारलं नाही. “इस उम्र में क्या दिखाऊं?” असं म्हणाल्या.

मधली त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, ते कसे गेले ते सांगत नाही. साधी गाठ निघाली, काढून टाकली, अल्हम्दुलिल्लाह. पण डॉक्टर बाईंनी आम्हाला बजावून सांगितलं की पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासणी करायचीच. बहुतेक वेळा साधं काहीतरी असतं, पण कधी कधी ती कर्करोगाची पहिली खूण असते, आणि लवकर सापडला तर इलाज सोपा असतो. तरुण बायकांनीही, दर तासाला पॅड भिजत असेल किंवा आठवडा उलटून पाळी चालूच असेल, तर थांबू नये.

म्हणून घरातल्या मोठ्या बाईच्या कपड्यावर असा डाग दिसला तर तो मुकाट्यानं धुऊन टाकू नका. तिच्याशी बोला, आणि तारीख एका कागदावर लिहून ठेवा. किती होतं, रंग लाल होता की तपकिरी, किती दिवस चाललं, हे डॉक्टर विचारतातच.